चूक गृहीत धरणारें शास्त्र

चंद्रावर पहिलें पाऊल ठेवणाऱ्या पुरुषाचें नांव शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतें. त्याच्या मागोमाग उतरलेल्या सोबत्याचें नांव सांगणारेहि पुष्कळ भेटतात. परंतु ज्यांनीं त्यांच्या यानांतील संगणकाला चंद्रापर्यंतची वाट एकेक आज्ञा लिहून शिकविली, त्यांचीं नांवें जगाला फार उशिरां कळलीं. देवळाचा कळस दुरून दिसतो आणि पाया जमिनींत राहतो, त्यांतलाच हा प्रकार. अवकाशसंशोधनांतील सॉफ्टवेअर इंजिनीयर नेमकें करतो काय, कोणत्या भीतीनें त्याची झोंप उडते, आणि त्याच्या या व्यवसायाचा विद्यापीठाच्या आवाराशीं इतका निकटचा संबंध कां, हें जाणून घेण्यास अमेरिकेच्या अपोलो मोहिमेइतकें बोलकें उदाहरण दुसरें नाहीं.

25 मे 1961 रोजीं राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनीं आपल्या कायदेमंडळापुढें एक संकल्प जाहीर केला. दशक संपण्यापूर्वीं माणसाला चंद्रावर उतरवावयाचें आणि सुखरूप परत आणावयाचें, असा तो संकल्प होता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, ऑगस्ट 1961 मध्यें, मोहिमेचें पहिलें मोठें कंत्राट देण्यांत आलें. तें कोणा विमानांच्या कारखान्याला मिळालें नाहीं. तें मिळालें अमेरिकेंतील केंब्रिज या गांवच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेला. चार्ल्स स्टार्क ड्रेपर हे तिचे संस्थापक. बाहेर कांहींहि न पाहतां केवळ आपल्या गतीवरून आपलें स्थान ओळखणारीं यंत्रें बनविण्यांत या प्राध्यापकाचा हातखंडा होता. आपल्या यंत्रावरील त्यांचा विश्वास असा कीं, वयाला साठ वर्षें झालीं असतांना त्यांनीं चंद्रयानांतून आपणांसच पाठवावें, असा अर्ज लिहून दिला! अर्ज अर्थातच मान्य झाला नाहीं. पण तयार केलेल्या वस्तूवर आपला जीव सोंपविण्याची तयारी असावी, ही त्या प्रयोगशाळेची वृत्ति त्यावरून दिसते.

या कामाच्या प्रारंभींच्या आराखड्यांत यंत्रांचा विचार तपशिलानें झाला होता. संगणकानें पाळावयाच्या आज्ञा कोणी व कशा लिहावयाच्या, याला मात्र त्यांत फारसें स्थान नव्हतें. हें काम म्हणजे गणिताचीं सूत्रें तयार झाल्यावर शेवटीं करावयाची लेखनिकी, असाच समज होता. तो किती चुकीचा होता हें लौकरच दिसून आलें. याच कामावर पुढें ऐन भरांत सुमारें 350 माणसें राबत होतीं.

त्यांना ज्या संगणकासाठीं लिहावयाचें होतें, त्याचें वजन सुमारें 32 किलो होतें. त्याच्या कायम स्मृतींत 36,864 शब्द मावत. आणि ज्या स्मृतींत लिहितां-पुसतां येई, तिच्यांत अवघे 2,048. येथें ‘शब्द’ म्हणजे भाषेंतील शब्द नव्हे. शून्य आणि एक या दोनच चिन्हांनीं भरावयाच्या सोळा घरांची ती एक ओळ. आज खिशांतील टेलिफोनांत असलेल्या एका साध्या छायाचित्रालाहि याहून अधिक जागा लागते. कायम स्मृति तर अक्षरशः विणलेली होती. चुंबकीय द्रव्याच्या बारीक कड्यांमधून तार ओंवली कीं तो ‘एक’ होई, आणि कड्याच्या बाहेरून नेली कीं ‘शून्य’. वॉल्थॅम येथील कारखान्यांत हें विणकाम स्त्रिया करीत असत. एकदां वीण पुरी झाल्यावर तींत एक चिन्ह बदलावयाचें म्हणजे तें काम पुन्हां करणें आलें. यामुळें उड्डाणाच्या कित्येक आठवडे आधींच आज्ञावलीवरून अखेरचा हात फिरवावा लागे. पाटीवरचें पुसून पुन्हां लिहितां येतें. येथें मात्र लिहिणाऱ्याची चूक तारेंत गुंफली जाऊन थेट चंद्रापर्यंत जावयाची.

या प्रयोगशाळेंत साठाच्या दशकाच्या मध्यास मार्गारेट हॅमिल्टन नांवाच्या एक बाई दाखल झाल्या. त्यांचा जन्म 1936 सालचा, इंडियाना प्रांतांतला. 1958 सालीं त्यांनीं गणिताची पदवी घेतली होती. पतीचें शिक्षण पुरें होईपर्यंत नोकरी करावी आणि मग आपणहि उच्च गणिताकडे वळावें, असा त्यांचा बेत होता. नोकरी मिळाली ती त्याच विद्यापीठांत, एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञांच्या हाताखालीं. आरंभींच्या आंकड्यांत केंसाएवढा फरक पडला तरी पुढील हवामानाचें चित्र पार बदलून जातें, ही गोष्ट 1963 सालीं जगापुढें मांडणारे लॉरेन्झ ते हेच. तेथें बाईंनीं संगणकाला आज्ञा लिहिण्याची विद्या आत्मसात केली. ही विद्या शिकविणारी शाळा म्हणावी अशी तेव्हां नव्हतीच. संगणकशास्त्राचे स्वतंत्र विभाग विद्यापीठांतून नुकतेच कोठें निघूं लागले होते. अडलेल्यानें स्वतःच वाट काढावी आणि मागून येणाराला ती दाखवावी, हाच अभ्यासक्रम. बाईंचा उच्च गणिताचा बेत मागें पडला तो कायमचाच.

चंद्रमोहिमेच्या कामांत नवख्या माणसाला आरंभीं फारसें महत्त्वाचें लेखन मिळत नसे. एक निर्मनुष्य यान मध्येंच बिघडलें तर काय करावें, एवढाच भाग हॅमिल्टनबाईंकडे आला. असा प्रसंग येणारच नाहीं अशी सर्वांची खात्री असल्यामुळें बाईंनीं त्या भागाला ‘विसरून जा’ या अर्थाचें नांव दिलें. पुढें नेमका तोच प्रसंग ओढवला, आणि त्या विषयांतील एकमेव जाणकार म्हणून त्यांनाच बोलावणें आलें, अशी आठवण त्यांनीं सांगितली आहे. जें घडणार नाहीं असें सारे म्हणतात, तेंच आपलें खरें कार्यक्षेत्र, हा धडा त्यांना असा अगदीं आरंभींच मिळाला.

दुसरा धडा त्यांच्या लहान मुलीनें दिला. रात्रीं आणि सुटीच्या दिवशीं काम असलें म्हणजे बाई मुलीला बरोबर घेऊन येत. एकदां ती चिमुरडी यानाच्या नमुन्याशीं खेळत असतां तिनें भलतींच बटणें दाबलीं. यान वाटेंत असतांना उड्डाणापूर्वींच्या तयारीचा कार्यक्रम सुरू केला आणि नमुन्यांतील सारी व्यवस्था कोलमडून पडली. दुसऱ्या कोणी मुलीला दटावून विषय संपविला असता. बाईंना प्रश्न पडला तो निराळाच: हीच बटणें उद्यां एखाद्या अंतराळवीरानें दाबलीं तर? अशी चूक होऊं लागल्यास संगणकानें ती नाकारावी, एवढी तरतूद करण्याची त्यांनीं परवानगी मागितली. ती मिळाली नाहीं. अंतराळवीर हे निवडक, कसलेले पुरुष असून अशी चूक त्यांच्या हातून होणार नाहीं, असें उत्तर मिळालें. त्या उत्तरांत तथ्यहि होतें; स्मृतींतील प्रत्येक शब्द मोलाचा होता, आणि प्रत्येक नवी आज्ञा म्हणजे नव्या चुकीचा संभव. तेव्हां ‘हा कार्यक्रम उड्डाणांत निवडूं नये’ अशी सूचना लिहून ठेवण्यावर बाईंना समाधान मानावें लागलें.

डिसेंबर 1968 मध्यें अपोलो-8 चंद्राभोंवतीं फिरून परत निघालें. जिम लोव्हेल हे अत्यंत अनुभवी अंतराळवीर तें यान हांकीत असतां एका ताऱ्याचा क्रमांक सांगण्याऐवजीं त्यांच्या हातून नेमका तोच कार्यक्रम निवडला गेला. यान कोणत्या दिशेला तोंड करून आहे, याविषयींची संगणकाची समजूत त्या क्षणीं पुसली गेली. लोव्हेल यांनीं ताऱ्यांचे वेध घेऊन ती पुन्हां जुळवून दिली आणि यान सुखरूप परतलें. मुलीच्या खेळांतील चूक आणि कसलेल्या वीराची चूक एकच निघाली. माणूस थकतो, घाईंत असतो, एक आंकडा मनांत असतां दुसरा त्याच्या बोटांतून उमटतो. कौशल्यानें हें प्रमाण कमी होतें, शून्य होत नाहीं. यानंतर बाईंना ती तरतूद करण्याची मोकळीक मिळाली, हें सांगावयास नकोच.

चूक गृहीत धरण्याच्या या वृत्तीची खरी कसोटी 20 जुलै 1969 रोजीं लागली. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांचें यान चंद्राकडे उतरत होतें. हिंदुस्थानांत तेव्हां 21 तारखेची मध्यरात्र उलटून गेली होती. चंद्रभूमि सुमारें दहा किलोमीटर खालीं असतां संगणकाच्या फळीवर इशारा झळकला: 1202. हा आंकडा काय सांगतो तें यानांतील दोघांनाहि ठाऊक नव्हतें.

झालें होतें तें असें. त्या वेळीं गरज नसलेल्या एका रडाराचा खटका चालू स्थितींत होता. त्याच्या आणि संगणकाच्या यंत्रणेला होणाऱ्या विजेच्या पुरवठ्यांची लय एकमेकींशीं जुळलेली नव्हती. त्यामुळें संगणकावर निरर्थक ठोक्यांचा भडिमार सुरू झाला आणि ते मोजण्यांत त्याचा जवळजवळ सातवा हिस्सा वेळ वायां जाऊं लागला. उतरण्याच्या कामांत त्याला आधींच उसंत नव्हती. हातीं घेतलेलीं कामें ठेवावयास जागा उरली नाहीं. साधें यंत्र अशा वेळीं गुदमरून बंद पडलें असतें. परंतु हॅल लॅनिंग यांनीं या संगणकाची कार्यव्यवस्था फार पूर्वींच अशी रचली होती कीं, प्रत्येक कामाला त्याच्या महत्त्वाप्रमाणें क्रम असावा आणि अधिक महत्त्वाच्या कामानें कमी महत्त्वाच्या कामाला बाजूला सारावें. शिवाय कोंडी झालीच तर सारें सोडून क्षणांत नव्यानें आरंभ करावा आणि केवळ अत्यावश्यक कामें जेथें थांबलीं तेथून पुढें न्यावींत, अशीहि सोय होती. घराला आग लागली असतां शहाणी गृहिणी भांडीं मोजीत बसत नाहीं, मुलांना आधीं बाहेर काढते. संगणकानें नेमकें तेंच केलें. इंजिनाचा जोर संभाळणें आणि यानाचा तोल राखणें हीं कामें त्यानें अखंड चालूं ठेवलीं, आणि बाकीचें सोडून देत असल्याची वर्दी दिली. 1202 चा अर्थ एवढाच होता.

पण हा अर्थ पृथ्वीवर कोणाला तरी ठाऊक असावयास हवा होता. उड्डाणापूर्वीं थोडे दिवस ह्यूस्टन येथील सरावांत असाच एक इशारा मुद्दाम देण्यांत आला होता. त्या वेळीं मार्गदर्शनाचे अधिकारी स्टीव्ह बेल्स यांनीं उतरण्याचा बेत रद्द करण्याचा निर्णय दिला आणि तो चुकीचा ठरला. त्या चुकीचा कोणी डांगोरा पिटला नाहीं. तिचा अभ्यास केला. जॅक गार्मन या चोवीस वर्षांच्या इंजिनीयरानें असल्या सर्व इशाऱ्यांची व त्यांवरील उपायांची यादी स्वतःच्या हातानें लिहून आपल्याजवळ ठेवली. त्या यादीमुळेंच, यानाकडून विचारणा झाल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आंत ‘पुढें चला’ असा निरोप चंद्राकडे गेला. तसलाच इशारा पुढें आणखी कांहीं वेळां झळकला. प्रत्येक वेळीं उत्तर तेंच मिळालें. यान उतरलें.

यांत विजय कोणाचा झाला? यंत्राचा म्हणावा तर तें गोंधळलेलें होतें. माणसांचा म्हणावा तर इशाऱ्याचा अर्थ यानांतील माणसांना कळत नव्हता, आणि ज्यांना कळला ते थोड्याच दिवसांपूर्वीं चुकलेले होते. विजय झाला तो आगाऊ केलेल्या विचाराचा. यंत्र चुकेल, माणूस चुकेल आणि आज्ञा लिहिणाराहि चुकेल, असें मानून ज्यांनीं कित्येक वर्षें आधीं पानेंच्या पानें लिहिलीं, त्यांच्या नम्रतेचा तो विजय होता.

या व्यवसायाची दुसरी बाजू 5 फेब्रुवारी 1971 रोजीं दिसली. अपोलो-14 चें यान चंद्राभोंवतीं फिरत होतें. उतरण्यापूर्वीं ध्यानांत आलें कीं, उतरणें रद्द करण्याचें बटण कोणी दाबलेलें नसतांहि दाबल्याची खूण संगणकाला मधूनमधून मिळत आहे. बहुधा बटणाच्या आंत धातूचा एखादा सुटा कण तरंगत असावा. उतरतांना तसें झालें असतें तर संगणकानें प्रामाणिकपणें यान पुन्हां वर नेलें असतें. विणलेली स्मृति तर बदलतां येत नाहीं. केंब्रिजच्या प्रयोगशाळेंत डॉन आइल्स या तरुणानें उतरण्याच्या आज्ञावलीचा मोठा भाग स्वतः लिहिला होता. यान रद्द करण्याची क्रिया आधींच सुरू झाली आहे अशी संगणकाची समजूत करून दिली म्हणजे तो त्या बटणाकडे पाहणारच नाहीं, असें त्याच्या लक्षांत आलें. त्यानें सुमारें दोन तासांत कळांवर टिपावयाच्या आंकड्यांचा एक छोटा क्रम तयार केला. तो तपासला गेला, रेडिओवरून चंद्राकडे वाचून दाखविला गेला, आणि एडगर मिचेल यांनीं तो कळांवर उतरविला. दोघे अंतराळवीर त्याच दिवशीं चंद्रावर चालले. आगाऊ विचार संपतो तेथें अशी तत्काळ बुद्धि लागते; पण ती त्यालाच सुचते, ज्यानें प्रत्येक ओळ कां लिहिली हें मनाशीं जपून ठेवलेलें असतें.

विद्यापीठाचा संबंध येतो तो येथेंच. कारखान्यांत मालाची मुदत असते, फौजेंत हुकूम असतो. विद्यापीठांत मात्र ‘हें असेंच कां?’ असें वरिष्ठाला विचारण्याचा कनिष्ठालाहि अधिकार असतो, निदान तो असावा अशी अपेक्षा असते. त्याच प्रश्नानें पुढें या प्रयोगशाळेलाहि सोडलें नाहीं. चंद्राची वाट दाखविणारें शास्त्र तेथें क्षेपणास्त्रांनाहि वाट दाखवीत होतें. व्हिएटनामच्या युद्धकाळांत, 1969 सालीं, विद्यार्थ्यांनीं आणि कांहीं अध्यापकांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला. विद्येच्या आवारांत संहाराचीं साधनें तयार व्हावींत काय, असा त्यांचा सवाल होता. अखेर 1970 सालीं प्रयोगशाळेला ड्रेपर यांचें नांव देण्यांत आलें आणि 1973 सालीं ती विद्यापीठापासून अलग झाली. आज्ञा बिनचूक लिहिली कीं लिहिणाऱ्याचें कर्तव्य संपतें, कीं ती कशासाठीं लिहावयाची हेंहि त्यानें विचारावें, हा वाद तेथें मिटला नाहीं. तो त्या प्रयोगशाळेबरोबर विद्यापीठाच्या फाटकाबाहेर गेला, इतकेंच.

हॅमिल्टनबाई पुढें त्या प्रयोगशाळेंतील सॉफ्टवेअर इंजिनियरिंग विभागाच्या प्रमुख झाल्या. आपल्या कामाला त्या ‘इंजिनियरिंग’ म्हणत, तेव्हां सहकारी आरंभीं थट्टा करीत. पूल बांधणें हें इंजिनियरिंग. कागदावर आज्ञा लिहिणें हें कसलें इंजिनियरिंग? पण पूल बांधणारा जसा पुलावरून जाणाऱ्या भाराहून अधिक भार हिशेबांत धरतो, तसाच आज्ञा लिहिणारानेंहि धरावयास हवा, आणि हें ज्यानें मानलें तो इंजिनीयरच होय, असा त्या शब्दामागील आग्रह होता. ऑक्टोबर 1968 मध्यें जर्मनींतील गार्मिश येथें याच नांवानें एक आंतरराष्ट्रीय परिषदहि भरली. राष्ट्राचा सर्वोच्च नागरी सन्मान बाईंना मिळाला तो 22 नोव्हेंबर 2016 रोजीं, चंद्रावरील पहिल्या पावलानंतर सत्तेचाळीस वर्षांनीं.

हा धडा हिंदुस्थानानेंहि स्वतःच्या अनुभवानें गिरविला आहे. 7 सप्टेंबर 2019 रोजीं मध्यरात्रीनंतर चांद्रयान-2 चें ‘विक्रम’ हें यान उतरतांना चंद्रावर आदळलें. पुढील यानाची रचना करतांना ‘इस्रो’च्या शास्त्रज्ञांनीं प्रश्नाची मांडणीच उलटी केली. सर्व कांहीं नीट चाललें तर यान कसें उतरेल, हें न विचारतां, काय काय बिघडूं शकेल आणि तें बिघडलें तरीहि यान कसें उतरेल, हें त्यांनीं विचारलें. 23 ऑगस्ट 2023 रोजीं चांद्रयान-3 दक्षिण ध्रुवाच्या बाजूस अलगद उतरलें. अपयश लपविणाऱ्यास तें दुसऱ्यांदां भेटतें. त्याला पाहुण्यासारखें समोर बसवून विचारपूस करणाऱ्यास तें शिकवून जातें.

आणि या कामाला निवृत्तीहि नाहीं. 5 सप्टेंबर 1977 रोजीं निघालेलें ‘व्हॉयेजर-1’ 2023 सालच्या नोव्हेंबरांत एकाएकीं अर्थहीन बडबड करूं लागलें. तें त्या वेळीं सुमारें 24 अब्ज किलोमीटरांवर होतें. प्रकाशाच्या वेगानें जाणाऱ्या निरोपालाहि तेथें पोंचण्यास साडेबावीस तास लागत आणि उत्तर येण्यास तितकेच. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठाकडे व्यवस्था असलेल्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेंतील इंजिनीयरांनीं शोध केला, तेव्हां स्मृतीचा एक लहानसा तुकडा निकामी झालेला आढळला. त्यांतील आज्ञा एकत्र ठेवण्यास दुसरीकडे कोठेंहि पुरेशी जागा नव्हती. म्हणून त्यांनीं त्या आज्ञांचे तुकडे केले, ते जागा मिळेल तेथें बसविले, आणि एका तुकड्यानें दुसऱ्याला हांक मारावी अशी जोडणी केली. 18 एप्रिल 2024 रोजीं पहिला निरोप गेला. 20 तारखेला उत्तर आलें. यान पुन्हां समजेल अशा भाषेंत बोलूं लागलें होतें.

त्या पंचेचाळीस तासांत इंजिनीयरांना वाट पाहण्याखेरीज करण्यासारखें कांहींहि नव्हतें. या व्यवसायाचें सारें स्वरूप त्या वाट पाहण्यांत आलें. आज्ञा पाळली जाते त्या क्षणीं ती लिहिणारा तेथें नसतो. त्याला हात पुढें करून सांवरतां येत नाहीं, ओरडून सावध करतां येत नाहीं. आपल्या हातून काय चुकूं शकेल, याचा त्यानें आधीं जेवढा प्रामाणिक विचार करून ठेवलेला असेल, तेवढाच त्याच्या वतीनें यानाबरोबर गेलेला असतो.